वार बघून निघा: विदर्भातले बाजार आणि दुकानं

वैनगंगाकाठ

दर हिवाळ्यात ओळखीतून एखादा फोन येतोच. ताडोब्याच्या दोन सफारी झाल्या, परतीच्या आधी एक दिवस मोकळा आहे, घरी काय न्यायचं? मी सांगायला लागते तोवर पुढचा प्रश्न येतो: हे सगळं नागपूरला एकाच दुकानात मिळेल का? बरंचसं मिळेलही. पण वस्तू ज्याने केली त्याच्याच हातून ती घेण्याची सोय अजून आपल्याकडे आहे, आणि ती सोडून लोक हायवेने निघून जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा. गावातली दुकानं, आठवडी बाजार, विणकरांची घरं, संस्थांची विक्री केंद्रं, जे तुम्ही स्वतः पाहिलं असेल ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. मी भंडारा जिल्ह्यातली. कामानिमित्त भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत कायम फिरणं असतं. पहिली गोष्ट सांगते ती ही की गाव ठरवण्याआधी वार बघा. आमच्या गावचा बाजार शुक्रवारचा. बाकीचे सहा दिवस त्या जागी बकऱ्या बसलेल्या असतात आणि पोरं क्रिकेट खेळतात. शुक्रवारी बारा वाजले की पाल ठोकायला सुरुवात होते, तीन वाजता पाय ठेवायला जागा नसते आणि दिवेलागणीला सगळं आवरलेलं. शनिवारी येऊन 'इथे काही नाही' म्हणणारे पाहुणे मी पाहिले आहेत.

आमच्या बाजारात पाहायची गोष्ट म्हणजे लोहार. मागच्या मृगाआधी मी त्याच्याकडून पावशी घेतली (पश्चिमेकडचे लोक विळी म्हणतात ती). त्याने आधी विचारलं, उजव्या हाताने कापता की डाव्या. मग पाटावर बसवून दाखवायला सांगितलं, गुडघा कुठे येतो ते पाहिलं आणि पात्याचा बाक त्याप्रमाणे घेतला. त्याची बायको भाता चालवत होती. पातं लाल झालं, तशी फक्त धारेची बाजू त्याने पाण्यात बुडवली, बाहेर काढली, क्षणभर रंग न्याहाळला आणि पुन्हा बुडवली. पाणी पाजणं म्हणतात ते हे. सगळं पातं बुडवलं तर ठिसूळ होतं, कोहळं कापताना तुकडा उडतो, असं तो म्हणाला. शेजारच्या बाईकडची अंबाडीची जुडी घेऊन धार दाखवली आणि जुडीचे पैसे त्यानेच दिले. वर्ष होत आलं, पावशीला अजून एकदाही धार लावावी लागलेली नाही.

दुसरं ठिकाण नागपूर-गडचिरोली रस्त्यावर, भिवापूरला. तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पण थंडी सरत आली की त्या पट्ट्यात मिरचीचे सातरे लागतात, ते पाहा. उघड्या मैदानात मिरचीचे ढीग, आणि नाकातोंडाला पदर बांधून ओळीने बसलेल्या बाया. मिरचीचा देठ खुडायचा, खराब मिरची बाजूला टाकायची, आणि मजुरी किलोमागे. पन्नास पावलांवरूनच ठसका लागतो. सातरा हे काही विक्रीचं दुकान नाही, पण मालकाला विचारलं तर दोन-चार किलो देतात. तिथे अर्धा तास उभं राहिलं की तिखटाच्या पुडीची किंमत वेगळी वाटायला लागते.

आता तुम्ही सांगा.

सह्याद्री_टू_सातपुडा

ताई, धाग्यासाठी आभार. मी पुण्याचा, दिवाळीनंतर आठ दिवस तिकडे येतोय, भंडारा आणि गडचिरोली नक्की. एक शंका. एका मित्राने 'मंडई चुकवू नको' असं सांगितलंय. भाजी मंडईत इतकं काय पाहायचं? आणि कोसा नेमका कुठे घ्यावा?

झाडीपट्टीकर

दादा, तुमची मंडई वेगळी, आमची मंडई वेगळी. इकडे भाजीबाजाराला गुजरी म्हणतात. मंडई म्हणजे भाऊबीज झाली की झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातल्या, गावागावांत भरतो तो एक दिवसाचा उत्सव. आज या गावची, उद्या त्या गावची, असं धान निघेपर्यंत चालतं. लेकी-जावई माहेरी येतात. दुपारी दंडार, खडी गंमत ही आमची लोकनाट्यं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं: जिलेबी, चिवडा, शिंगाडे, बांगड्या, फुगे, लोखंडी कढया. आणि रात्री नाटक.

दुकानांचाच विषय निघाला आहे तर वडशाला (देसाईगंज) जा. गोंदिया-बल्लारशा रेल्वेवरचं गाव. तिथे नाटक मंडळांची ऑफिसं आहेत, शटरवाली, रस्त्याला तोंड करून, अगदी किराणा दुकानासारखी. बाहेर नाटकांच्या नावांचे मोठाले रंगीत फलक आणि कलावंतांचे फोटो. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम. गावचे चार-पाच लोक मोटारसायकलींवर येतात, टेबलाशी बसतात आणि आपल्या मंडईला किंवा शंकरपटाला (बैलांच्या शर्यतीला) नाटक ठरवतात. कोणतं नाटक, कोणती तारीख, लावणीला कोण, रडवणारं पाहिजे की हसवणारं, सगळं तिथेच ठरतं. मी लहानपणी वडिलांसोबत गेलो होतो. आमच्या गावच्या पाटलांनी 'मागच्या साली बाया रडल्या नाहीत जी, औंदा चांगलं द्या' असं सांगितल्याचं आठवतं. ऑफिसवाल्याने वही काढली आणि त्या नाटकात बदललेला शेवट वाचून दाखवला. जगात दुसरीकडे नाटकाची अशी बाजारपेठ असेल असं मला वाटत नाही. बाहेरच्या माणसाने बसायचं म्हटलं तर चहा देऊन बसवून घेतात.

मंडईला रात्री गेलात तर शाल आणि बसायला चुंगडं (पोतं) घेऊन जा. नाटक पहाटेपर्यंत चालतं.

धोटा

कोशाबद्दल, म्हणजे आमच्याकडच्या टसर रेशमाबद्दल, मी लिहितो. आमच्या घरी दोन पिढ्या माग चालला. मी नोकरीत आलो, काका अजून विणतात.

मोहाडी आणि आंधळगाव ही भंडारा जिल्ह्यातली गावं, तसंच चंद्रपुरातलं नागभीड आणि गडचिरोलीतलं आरमोरी, इथे कोसा अजून हातमागावर होतो. येनाच्या (ऐनाच्या) आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या पोसतात. हे काम बरंचसं धिवर समाजाचे लोक करतात. पोसलेल्या अळ्यांची राखण हे खरं कष्टाचं काम, दिवसभर पाखरं हाकलावी लागतात. कोष उकळून धागा काढतात. आमची आजी उघड्या मांडीवर तो धागा वळायची. मांडीवरची कातडी कायमची काळी आणि गुळगुळीत झालेली होती, ती मी पाहिली आहे. आता यंत्रं आली आणि बायांची ती पीडा बरीच कमी झाली, हे चांगलंच झालं.

करवती साडीला मानांकन मिळालेलं आहे. तिचं अंग कोशाचं आणि काठ सुती. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारी नळी. अंगाला एक धोटा आणि दोन काठांना दोन, असे तीन धोटे फिरतात. जिथे काठ आणि अंग एकमेकांत गुंततात तिथे करवतीसारखे दात दिसतात, म्हणून करवती. हे दात छापलेले नसतात. साडी उलटी करून बघा, मागच्या बाजूलाही दात तितकेच स्वच्छ दिसले पाहिजेत.

फसवणूक होते, हे स्पष्ट सांगतो. माझ्या बहिणीच्या लग्नात पाहुण्यांनी एका मोठ्या शहरातल्या नामांकित दुकानातून 'कोसा' म्हणून साडी आणली. काकांनी बोटांनी चोळली आणि काही बोलले नाहीत. नंतर पदराचा एक धागा काढून जाळला. खरा कोसा जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत भुरभुरते. तो धागा वितळला आणि त्याची टणक गोळी झाली. घेताना दुकानदाराला एक धागा मागा. खरा माल असेल तर तो कुरकुर न करता देतो.

विणकराकडे जाताना आधी गावात कोणालाही विचारा, 'माग कोणाकडे चालू आहे?' मागाचा आवाज येतो त्या दारात जा. कोऱ्या कोशाचा रंग मधासारखा असतो, त्यात मध्येच जाडसर धागा लागतो. ती खोट नव्हे, तीच त्याची ओळख.

सह्याद्री_टू_सातपुडा

हे वाचून आईसाठी करवतीच घ्यायची ठरवली. घरात जाऊन थेट विकत घेताना भाव कसा करायचा? आमच्याकडे भाव केला नाही तर वेडे ठरतो.

पऱ्हाटी

भाव करा ना, बाजार म्हणजे भाव आलाच. बाजारातल्या बाईलाही तो आवडतो, बिनभाव गिऱ्हाईक गेलं तर तिलाच चुकल्यासारखं वाटते. आमच्या वऱ्हाडात तरी असंच आहे.

मी खामगावकडचा. पश्चिम विदर्भाचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. शेगावला दर्शनाला येता ना, मंग खामगाव तिथून हाकेच्या अंतरावर आहे. चांदीसाठी या गावाला रजतनगरी म्हणतात. जोडवे, तोडे, कडदोरे, देवाचे टाक, सारं मिळते. टाक घडवणाऱ्यापाशी बसून आपल्या कुळाचं दैवत सांगा, तो तुमच्यासमोर ठसा काढून दाखवतो. शेगावात कचोरी तर तुम्ही खालच, ते सांगायची गरज नाही.

पण मला जास्त सांगावं वाटते ते गोडंबीचं. अकोला-बुलडाण्याकडच्या बाजारात बिब्बे फोडून काढलेली गोडंबी विकायला बाया बसतात. वाटीभर गोडंबी दिसायला काही नाही. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की उतते, फोड येतात. म्हणून हाताला राख चोळून, एक एक बिब्बा उभा धरून दगडाने फोडायचा. माझी मावशी हेच काम करायची. तिच्या बोटांचे ठसे पुसले गेले होते, रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नव्हता. तिच्यासारख्या बाईसोबत दहा-वीस रुपयांसाठी भाव करू नका, एवढंच माझं म्हणणं. हिवाळ्यात डिंकाच्या लाडवात गोडंबी घाला, बदाम विसरून जाल.

आन पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात या एकदा! अख्खा बाजार बैलांचा होते. घुंगरमाळा, मोरक्या, कासरे, चवर, बाशिंगं, शिंगांचा रंग. कास्तकार स्वतःला चप्पल घेत नाही पण बैलाला नवी झूल घेते. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदीबैल. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला तर माणसाहून मोठे लाकडी बैल मिरवतात.

वैनगंगाकाठ

पऱ्हाटी भाऊ, मावशीबद्दल वाचून गलबलले. भावाचं मला असं वाटतं: ढिगातली भाजी, कपडा, भांडं, इथे भाव होऊ द्या, त्यात बोलणंही होतं. पण रानातून वेचून आणलेलं आणि हाताने केलेलं असेल, तर विचारा, 'हे करायला किती दिवस लागले?' आणि उत्तर ऐकल्यावर भाव करायचा की नाही ते ठरवा. विणकराच्या घरात तर नाहीच. तो सांगतो त्यात व्यापाऱ्याचा वाटा आधीच वजा झालेला असतो.

धाम_नदीकाठ

वर्ध्याचं लिहिते. सेवाग्राम पाहून लोक थेट नागपूरला परततात. तेवढ्याच वेळेत मगन संग्रहालय बघून होतं. मगनलाल गांधींच्या नावाने उभारलेलं, ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं. तिथे चरख्यांचे निरनिराळे प्रकार मांडलेले आहेत, आणि शेजारी खादी व ग्रामोद्योगाच्या वस्तूंची विक्री. नैसर्गिक रंगाचं कापड हातात घेऊन बघा. गोपुरीला ग्रामसेवा मंडळ आहे, विनोबांच्या प्रेरणेने सुरू झालेलं, तिथेही खादी मिळते. गावात गोरस भांडारात गोरसपाक घ्या. गाईच्या तुपातली कणकेची ही बिस्किटं, जिभेवर ठेवली की विरघळतात. आमच्या घरातला कोणीही परगावी निघाला की पिशवीत गोरसपाक असतोच.

हळद घ्यायची तर समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची. वर्ध्याजवळ याच नावाचं दुसरंही गाव आहे, गोंधळू नका. हळदीचं ते वायगाव हळद्या. तिलाही मानांकन आहे. आमटीत चिमूटभर घातली तरी रंग सांडल्यासारखा येतो.

चंद्रपूरकडे जाताना वरोऱ्याला आनंदवन लागतं. तिथलं कापड, सतरंज्या, चपला मी वर्षानुवर्षं वापरते आहे. दया म्हणून नाही, टिकतात म्हणून. पुढे भद्रावतीला ग्रामोदय संघ, कृष्णमूर्ती मिरमिरांनी कुंभारकामासाठी उभा केलेला. मोहर्लीच्या गेटने ताडोब्यात जाणाऱ्यांना भद्रावती वाटेवरच आहे. मातीची आणि सिरॅमिकची भांडी, तबकं, टांगायचे दिवे. दोन्ही ठिकाणी जायच्या आधी सुट्टीचा वार विचारून घ्या, मी एकदा बंद दारावरून परतले आहे.

मेळघाटातला

सेमाडोह, हरिसाल, धारणी हा माझा रस्ता. चिखलदऱ्याला जाणारे पॉइंट बघून परततात. तिथे कॉफी पिकते, ती दुकानातून घ्या. वाटेवर गवळ्यांचा खवा मिळतो, म्हशीच्या दुधाचा, चुलीवर आटवलेला, त्याला धुराचा हलका वास असतो.

धारणी तालुक्यात लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र आहे. सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी नव्वदच्या दशकात ते उभं केलं. सुनीलभाऊ २०२१ मध्ये गेले, काम चालू आहे. कोरकू कारागीर बांबूची घरं बांधतात, टोपल्या, दिवे, खुर्च्या करतात. बांबूच्या राख्या इथूनच गावोगाव जातात. एक राखी हातात घेऊन बघा: सालीची पट्टी कागदाइतकी बारीक तासलेली असते आणि तरी वाकवली तर मोडत नाही.

दिवाळीनंतरच्या आठवड्यांत येणार असाल तर घुंगरू बाजार. मेळघाटातले आठवडी बाजार त्या दिवसांत थाट्यांचे असतात. थाट्या म्हणजे गुरं राखणारे गोंड. वर्षभर ते गावाची ढोरं वळतात आणि या बाजारात पायात घुंगरू बांधून, बासरी-ढोलकीवर दुकानादुकानांपुढे नाचतात. दुकानदार बक्षिसी देतो. खरेदीसाठी पाड्यापाड्यांवरून कोरकू कुटुंबं येतात आणि सबंध बाजार घुंगरांनी वाजत राहतो. मी गेली कित्येक वर्षं हा बाजार चुकवलेला नाही.

झाडीपट्टीकर

गडचिरोलीला जाणारच असाल तर भामरागडचा बाजार बघा. हेमलकसा पाहायला लोक जातात, लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून तिथे आहे. भामरागड तिथून अगदी जवळ. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम. नदीपलीकडून, छत्तीसगडातूनही माडिया लोक चालत येतात. हंगामाप्रमाणे मोहफूल, टोरी (मोहाच्या बिया), चारोळी, चिंच, झाडू, सुकी मासोळी, पावसाळ्यात वास्ते आणि सात्या. वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, सात्या म्हणजे वारुळावर उगवणारी अळंबी.

एक कळकळीची विनंती. तिथे कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. मागे एका गटाने टोपलीमागे बसलेल्या म्हातारीच्या तोंडासमोर मोबाइल धरला होता. ती पदर ओढून फिरून बसली आणि तासभर तशीच पाठ करून बसली. तिची चारोळी तशीच राहिली, कोणी घेतली नाही. आधी खाली बसा, काहीतरी घ्या, नाव विचारा. मग तीच हसून म्हणते, काढ.

आणि कोरडं सामान नेणाऱ्यांसाठी: नागभीड तालुक्यातलं नांदेड हे दादाजी खोब्रागडे यांचं गाव. पटेल ३ या वाणाच्या बांधीत त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या निवडून वर्षानुवर्षं लावत त्यांनी एचएमटी तांदूळ तयार केला. घड्याळावरून नाव पडलं. ते २०१८ मध्ये गेले. त्यांच्या नावावर फारसं काही झालं नाही याचं दुःख आम्हा सगळ्यांनाच आहे. त्या भागातल्या भातगिरणीतून थेट पाच-दहा किलो घ्या. गिरणीवाल्याला 'नवा की जुना' असं विचारा. भात मोकळा हवा तर जुना.

सह्याद्री_टू_सातपुडा

सगळ्यांचे मनापासून आभार. येऊन गेलो, म्हणून पुन्हा लिहितोय.

आंधळगावात मागाच्या आवाजावर घर शोधलं. आजोबांनी आधी पाणी दिलं, मग दोन साड्या उलट्या करून दाखवल्या. मी धागा मागायच्या आतच त्यांनी काडी पेटवली. भाव केला नाही. आईने साडी नेसून पहिल्यांदा वास घेतला आणि म्हणाली, हिला पावसाचा वास आहे. वडशाला दुपारभर एका ऑफिसात बसलो. समोर एका गावच्या लोकांनी नाटक ठरवलं आणि मला पत्ता देऊन त्याच रात्रीचं त्यांच्याच शेजारच्या गावचं आमंत्रण दिलं. चुंगड्यावर बसून पहाटेपर्यंत पाहिलं. बाया रडल्या, मीही रडलो. बाजारात 'सांबार' म्हणजे कोथिंबीर, हेही शिकलो.

लोहाराची मात्र चुकामूक झाली. ताई, शुक्रवारीच आलो होतो, पण चार वाजले होते आणि तो दिसला नाही. बायकोला पावशी हवीच आहे, फेब्रुवारीत पुन्हा येतोय.

वैनगंगाकाठ

चार म्हणजे उशीर झाला. त्याला शनिवारच्या बाजारासाठी पुढच्या गावी जायचं असतं, तीनलाच भाता बांधतो. बारालाच या आणि वहिनींना सोबत आणा, गुडघा त्यांचा मोजायचा आहे. जेवण आमच्याकडे.